दांड्याची फुलं

माझ्या लॅपटॉपवर ‘फुलं फायनल ३’ नावाची एक एक्सेल फाइल अजून पडून आहे. लग्न होऊन गेलं तरी ती काढून टाकलेली नाही. तिच्यात सात रकाने आहेत : फुलाचं नाव, रंग, वास, दांडा आहे का, तोडल्यावर किती तास टिकतं, भाव आणि शेवटचा रकाना ‘पप्पांचं मत’. या शेवटच्या रकान्यात एकच शब्द वरपासून खालपर्यंत आहे. नको.

लग्न २८ डिसेंबर २०२४ला होतं, शनिवारी संध्याकाळी साडेचारच्या मिस्साला. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या दिवसांत आमच्याकडे लग्नं लावत नाहीत. त्यामुळे पंचवीस तारीख उलटली की वसईतल्या चर्चांमध्ये लग्नांची रांग लागते. एकाच वेदीसमोर सकाळी एक जोडपं, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. यात एक फायदा असतो. चर्च आधीच सजलेलं असतं. गोठा, तारे, वेदीभोवतीची फुलं, सगळं तयार. उरलेला खर्च त्या दिवशीची जोडपी वाटून घेतात. म्हणजे चर्चची चिंता नव्हती. प्रश्न फक्त माझ्या हातातल्या फुलांचा होता, आणि तेवढ्यावरून आमच्या घरात दोन महिने धुमसत होतं.

आम्ही फूलवाले. वाडीत सोनचाफा आणि कागडा, कडेने जास्वंद आणि थोडी तगर. पहाटे चाफा खुडायचा, टोपल्या बांधायच्या, नालासोपाऱ्याहून लोकलच्या लगेजच्या डब्यातून दादर गाठायचं. पप्पा हे तीस वर्षांहून जास्त करताहेत. (घरी आम्ही कादोडी बोलतो. इथे सगळ्यांची बोलणी मराठीत लिहितेय, म्हणून पप्पा जरा सभ्य वाटतील.) आमच्या कपाटाच्या दाराला आतून कालनिर्णय चिकटवलेलं असतं. त्यावर सणवार लाल पेनाने गोल केलेले असतात, पण ते आमचे नव्हेत : संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. आमच्या घराचं वर्ष दुसऱ्यांच्या देवांवर चालतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी महालक्ष्मीने आणि गणपतीने भरली असं मी कॉलेजात गमतीत सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

तर अशा घरातल्या मुलीच्या हातात लग्नात आपल्याच वाडीतली फुलं असावीत, असं मला वाटलं. पुण्यात नोकरी करताना हे असं फार वाटतं. ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या हरखूनच गेल्या. “सोनचाफ्याचा बुके! किती वेगळं!” मलाही ते वाक्य आवडलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सुरुवात मात्र मी नाताळापासून केली. डिसेंबरचं लग्न म्हटलं की इंटरनेट तुम्हाला लाल-हिरव्यात ढकलतं. होली, पाइनच्या फांद्या, लाल गुलाब, आणि पॉइनसेटिया. यातलं वसईत उगवतं ते पॉइनसेटिया, आमच्या अंगणात दोन झाडं आहेत. मूळ झाड मेक्सिकोचं. जोएल पॉइनसेट नावाचा अमेरिकेचा वकील तिथे होता, त्याने १८२०च्या दशकात रोपं मायदेशी पाठवली आणि त्याचं नाव झाडाला चिकटलं. त्याचं लाल फूल हे मुळात फूल नव्हेच, ती पानं. खरी फुलं म्हणजे मधले पिवळे बारीक मणी. रात्री मोठ्या झाल्या की पानं लाल होतात, आणि रात्र अंधारी लागते. आमच्या दोन झाडांपैकी रस्त्यावरच्या दिव्याखाली आलेलं झाड डिसेंबरातही हिरवं राहतं, विहिरीमागचं लालभडक होतं. हे मला इतकं आवडलं की मी दोन फांद्या कापून आणल्या. कापताच पांढरा चीक गळायला लागला आणि दुपारपर्यंत पानं माना टाकून बसली. पांढऱ्या गाऊनवर तो चीक कसा दिसला असता या विचाराने मम्मीने ती फाइलमधली ओळ स्वतः उडवायला लावली.

मग नवऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या नवऱ्याला, विचारलं. तो म्हणाला, “तुला आवडेल ते.” या वाक्याचा रकाना मी केला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी चाफ्याची चाचणी घेतली. चाफ्याला दांडा नसतो, असतं ते बोटाच्या पेराएवढं देठ. गुलाब जसा मुठीत धरून तिरका-तिरका रचत नेता येतो तसा चाफा रचता येत नाही. प्रत्येक देठाला तार लावायची, तारेवर हिरवी टेप गुंडाळायची. मी अर्धवट उमललेली चाळीस फुलं घेतली आणि पहाटे साडेपाचला बसले. आठ वाजता जे तयार झालं ते खरंच सुंदर होतं. मी फोटो काढून पुण्याला पाठवले. अकराला पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, जिथे जिथे माझं बोट लागलं होतं तिथे आधी. दुपारी दोनला वासाने माझंच डोकं दुखत होतं. साडेचारला, म्हणजे बरोबर मिस्साच्या वेळेला, मी बुके हलवला आणि पाच-सहा पाकळ्या फरशीवर पडल्या. आदल्या रात्री काही फुलं फ्रिजमध्येही ठेवून बघितली होती. ती सकाळीच चहाच्या रंगाची झाली होती.

पप्पा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. पाकळ्या पडल्या तेव्हा म्हणाले, “चाफा हातात मिरवायचा नसतो. ओंजळीत घ्यायचा नाहीतर केसात घालायचा. संध्याकाळी त्याचं काम संपतं.”

मी इरेला पेटले. म्हटलं, कागड्याच्या कळ्यांचा गुच्छ करू. व्हिक्टोरिया राणीने १८४० साली स्वतःच्या लग्नात संत्र्याच्या फुलांचं कडं डोक्यावर घातलं होतं, तीही अशीच बारीक, पांढरी, वासाची फुलं. राणीला चालतं, मग आपल्याला का नाही?

“राणीला पहाटे दादरला जायचं नव्हतं,” पप्पा म्हणाले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. बाजारात फुलं दोन जातींची. एक सुटी : कागडा किलोवर, चाफा शेकड्यावर. ती दोऱ्यात ओवली जातात, परडीत जातात, दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात. दुसरी दांड्याची : डच गुलाब, कार्नेशन, जरबेरा. ही मावळातल्या, नाशकाकडच्या पॉलिहाउसमधून कागदात गुंडाळून येतात, वीस-वीसचे नाहीतर दहा-दहाचे गठ्ठे करून. सुटी फुलं वजन करून फेकली जातात. दांड्याची फुलं उभी ठेवतात, पाण्यात. “मी जन्मभर सुटी फुलं विकली,” पप्पा म्हणाले. “तुझ्या हातात मला दांड्याची पाहिजेत.”

मला राग आला. आपल्याच फुलांची लाज कसली, असं काहीतरी मी बोलले. पप्पा उठून वाडीत गेले.

रात्री मम्मीने अल्बम काढला. त्यांचं लग्न २७ डिसेंबर १९९४चं. तो फोटो मी लहानपणापासून शंभरदा बघितलाय : मम्मी पांढऱ्या गाऊनमध्ये, पप्पा मापापेक्षा मोठ्या कोटात, मम्मीच्या हातात पांढऱ्या लिलींचा भरगच्च बुके. मम्मी म्हणाली, “नीट बघ.” मी नीट बघितलं. एका लिलीच्या पाकळीवर साच्याची शिवण होती. बुके प्लास्टिकचा होता. तोही भाड्याचा, गाऊनच्या दुकानातून गाऊनबरोबर मिळालेला. दुसऱ्या दिवशी परत करायचा होता, म्हणून मम्मीने तो कोणाला हातात धरू दिला नव्हता.

“आणि वाडीतली फुलं?”

“ती दादरला गेली होती. काका घेऊन गेले. डिसेंबरात भाव असतो.”

एवढंच. मम्मीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला दिसलं ते असं, की फुलं पिकवणाऱ्या माणसाने बायकोला पहिल्या दिवशी प्लास्टिकची फुलं दिली आणि तो फोटो तीस वर्षं भिंतीवर राहिला. माझी चाफ्याची हौस आणि त्यांची गुलाबांची, यात हौस माझीच होती.

तरी गोष्ट तिथे मिटली नाही. जवळच्या एका फुलांच्या दुकानात भाव विचारला तर नाताळाच्या आठवड्यात एका बुकेचे साडेचार हजार. पप्पांनी हातातली यादी खाली ठेवली. साडेचार हजार म्हणजे किती किलो कागडा, हा हिशोब त्यांच्या तोंडावर उमटताना मी बघितला. “मी आणतो,” म्हणाले.

त्या वर्षी २६ डिसेंबरला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. घरात पाहुणे, अंगणात मांडव, आणि पप्पा त्या पहाटे चाफा घेऊन दादरला. लग्नघरचा बाप बाजारात कसा, असं आत्या म्हणाली. कालनिर्णय बघ, मम्मी म्हणाली. शुक्रवारी पहाटे ते पुन्हा निघाले, पण या वेळी टोपली नव्हती. मी हट्टाने बरोबर गेले. लगेजच्या डब्यात सगळे ओळखीचे. रिकाम्या हाताने कुठे, म्हणून चेष्टा चालली होती. पप्पा म्हणाले, “आज गिऱ्हाईक आहे.”

दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत मी लहानपणी जाऊन आलेली, पण पप्पांना तिथे विकत घेताना कधी बघितलं नव्हतं. त्यांना ते मुळीच जमलं नाही. रोज सकाळी जो माणूस गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत गार करतो तो पांढऱ्या गुलाबांसमोर उभा राहून नुसता हात मागे बांधून बघत होता. भाव ऐकला आणि घासाघीस न करता पैसे काढले. मी कोपराने ढोसलं. “असू दे,” म्हणाले. “त्याचाही माल रात्रभर प्रवास करून आलाय.” तीन गठ्ठे घेतले. थोडा जिप्सोफिला, थोडी हिरवी पानं. परतीच्या गाडीत त्यांनी गठ्ठे मांडीवर आडवे धरले होते, बाळ धरावं तसे. वसईच्या खाडीवर गाडी आली तेव्हा ते मोजायला लागले. पहिल्या गठ्ठ्यात वीस. दुसऱ्यात वीस. तिसऱ्यात एकोणीस. स्वतः चाफा मोजताना शेकड्यावर पाच फुलं वर टाकणारे पप्पा. मला वाटलं चिडतील. ते इतके हसले की समोरचा मासळीवाला जागा झाला.

बुके मी आणि करवलीने रात्री बांधला. दांडे तिरके कापून बादलीत बुडवून ठेवले, खालची पानं आणि काटे काढले, मुठीत धरून रचला, सॅटिनची रिबीन लावली. तासभर लागला. यूट्यूबवर बघून केलाय असं कोणाला वाटलं नाही, असं निदान तोंडावर तरी सगळे म्हणाले. वास जवळजवळ नव्हताच. वास मम्मीच्या केसांतल्या कागड्याच्या वेणीचा होता. फोटोत तो येत नाही.

रिसेप्शनला एम.सी.ने बुके मागे फेकायला सांगितला, तेव्हा मी करवलीचा घेऊन फेकला. माझा पप्पांनी आधीच काढून नेला होता.

आम्ही पुण्याला परतलो ते ३१ तारखेला. त्या रात्री फोन केला तर मम्मी म्हणाली, तुझे पप्पा टोपल्या ठेवायच्या खोलीत आहेत. बुके सोडून त्यांनी गुलाब स्टीलच्या बादलीत उभे केले होते. रोज सकाळी दादरहून आल्यावर पाणी बदलायचं, दांडे अर्धा इंच कापायचे. ज्या माणसाची फुलं संध्याकाळी संपतात, तो संध्याकाळी मला फोन करून गुलाबांची खबर द्यायला लागला. दोन जानेवारीला : “अजून आहेत.” चारला : “बाहेरच्या पाकळ्या जरा सैल पडल्यात, पण आहेत.”

सहा जानेवारीला मी मीटिंगमध्ये होते. मिस्ड कॉल बघून घाबरून बाहेर आले आणि लावला.

“एक गेला,” पप्पा म्हणाले. “बाकीचे उभे आहेत.”