खांदेरीचा दिवा

माझे आजोळ अलिबागजवळील थळचे. रात्री ओटीवर अंथरूण पडले, की माडांच्या खोडांमधून खांदेरीच्या दीपगृहाचा उजेड क्षणभर दिसे आणि मावळे. घरातील आम्ही सारी मुले तो मोजता मोजता झोपी जात असू.

पुढे इतिहास वाचला आणि त्या दिव्याविषयी मनात अढी बसली. मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर नजर राहावी, म्हणून शिवछत्रपतींनी 1679 मध्ये या बेटावर दुर्ग बांधावयास घेतला. इंग्रजांनी आरमार पाठवून अडथळा केला. परंतु मायनाक भंडारी व त्याचे लोक हटले नाहीत, आणि 1680 च्या आरंभी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. ज्यांना येथून परतविले, त्यांनीच 1867 मध्ये आपल्या गलबतांच्या सोयीसाठी त्याच बेटावर दीपगृह उभारावे, हा दैवदुर्विलास नव्हे काय? एका दिवाळीच्या सुटीत हे मी आजोबांपुढे मोठ्या आवेशाने मांडले. ते नुसते हसले.

त्याच सुटीत एके रात्री अकस्मात वादळ उठले. आमच्या ओळखीच्या तांडेलाचा थोरला मुलगा होडी घेऊन बाहेर गेलेला. सारा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला. आजीने देवापुढे समई लावली. मी आजोबांसमवेत वाळूत उभा होतो. तांडेल वाट पाहत होता लाटांकडे. पण घटकेघटकेस त्याची दृष्टी वळे ती खांदेरीकडे. उजेड दिसला, की तो हात जोडी. पहाटे होडी आली. खडक कोणत्या अंगास आहेत, हे त्या दिव्यावरूनच कळले, असे मुलाने सांगितले.

घरी परतताना आजोबा एवढेच म्हणाले, “बाळ, दिवा कोणी लावला, हे त्या बापाने विचारले का रे?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. 1998 मध्ये बेटास कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले. 2025 मध्ये युनेस्कोने खांदेरीस जागतिक वारशात स्थान दिले. दोन्ही वार्तांनी ऊर भरून आला. आजोबा आज नाहीत. तथापि थळास गेलो, की रात्री ओटीवर बसतो, आणि माझी नातवंडे उजेड मोजू लागली, म्हणजे प्रथम त्यांना दुर्गाची कथा सांगतो, आणि मग त्या होडीची.