सुनेची दीडकी

तुम्ही म्हणाल, सासूनं सुनेचा अभ्यास घ्यायचा, तोही कॉम्प्युटरचा, हे काय नवीनच! पण मैत्रिणींनो, इथं हसनाबादेत आमच्या घरी गेले तीन महिने हेच चाललं आहे. मला स्वतःला एमएस-सीआयटीपलीकडे काही येत नाही. तरी सांगते, तेवढ्यावरही पुष्कळ करता येतं.

सून आली ती पदवीचा एक पेपर राखून. प्रोग्रामिंगचा. दोनदा बसली, दोनदा राहिला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा की नाही, यावर घरात बोलणं निघालं. पुरुषमंडळींचं म्हणणं, यंदा कापसाचं काही खरं नाही, फी कशाला भरायची? घर तर सांभाळतेच आहे. तीही म्हणाली, "जाऊ द्या आई, मला ते लूपच कळत नाहीत." एका पेपरापायी तीन वर्षं पाण्यात जाणार, हे काही माझ्या मनाला पटेना. फॉर्म भरला. (माझ्या भिशीतून. हे आपल्यातच राहू द्या!)

शेजारच्या एकीनं विचारलंच, "हे काय बायकांचं काम?" तिला सांगितलं, इंग्लंडात १८४३ साली, आजचा कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधी, बॅबेजच्या यंत्राला हिशेबाच्या फेऱ्या कशा सांगायच्या हे लिहून काढणारी एडा लव्हलेस बाईच होती, आणि तीन लेकरांची आई होती.

लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणं. किती वेळा ते आधी ठाऊक असेल तर 'फॉर'. अमुक होईतो करत राहायचं असेल तर 'व्हाइल'. पंचवीस पोळ्या लाटायच्या, हा फॉर. पाहुण्यांचं पोट भरेतो वाढत राहायचं, हा व्हाइल. कुणाला पोळी हवी, कुणाला भाकरी, हे पाहून वाढायचं, तो 'इफ'. एवढं तर आपल्याला कळतंच की!

सुनेलाही कळत होतं. मग अडत कुठं होतं? ती तयार प्रोग्राम वहीत उतरवून पाठ करायची. पेपरात आकडा बदलला की गाडी अडली. पाककृती पाठ करून कुणाच्या पुरणपोळ्या जमल्यात का?

म्हणून नियम केला. रोज एकच प्रोग्राम, पण आपल्या मनानं, आणि आधी कागदावर. वीज गेली तरी वही चालतेच. रकाने पाडायचे आणि दर फेरीला कोणत्या नावात कोणता आकडा आहे तो लिहीत जायचं. याला ड्राय रन म्हणतात.

पहिला प्रोग्राम आमच्या सासूबाईंनी दिला. त्यांना पावकी, निमकी, दीडकी अजून तोंडपाठ. "तुझ्या यंत्राला दीडकी येते का गं?" सुनेनं पायथन भाषेत लिहिलं, एक ते दहा, प्रत्येकाची दीडपट छाप. दीडकी नवापाशी, साडेतेरावर थांबली. सासूबाई कान देऊन होत्या. "काहून थांबलं? दहाचे पंधरा कुठं गेले?" पायथनच्या 'रेंज'मध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत, दहापर्यंत हवं तर अकरा लिहावं लागतं. पुस्तकात हे वाक्य होतंच. पण डोक्यात बसलं ते आजीनं टोकल्यावर.

दुसरा प्रोग्राम माझा, स्वार्थाचा. दहा हजार रुपये ठेवले, वर्षाला सात टक्के चक्रवाढ, तर दुप्पट कधी? फेऱ्या ठाऊक नाहीत, म्हणून व्हाइल. रक्कम वीस हजारांहून कमी आहे तोवर व्याज मिळव आणि वर्ष एकानं वाढव. तिनं चालवलं, तर पडद्यावर काही येईचना. कंट्रोल आणि सी ही बटणं एकदम दाबून थांबवलं नि वही काढली. पहिल्या फेरीला दहा हजार, दुसऱ्या फेरीला दहा हजार, तिसऱ्या फेरीलाही दहाच! व्याज ती काढत होती, पण मुद्दलात मिळवतच नव्हती. मग वीस हजार व्हायचे कधी? ओळ दुरुस्त केली. १०,७००, ११,४४९ असं चढत दहाव्या वर्षी १९,६७१ आणि अकराव्या वर्षी २१,०४८. म्हणजे अकरा वर्षं. (पाच वर्षांत दुप्पट करून देतो म्हणत कुणी दारात आलं, तर त्याला दरसाल जवळजवळ पंधरा टक्के द्यावे लागतील, हेही आम्ही काढून ठेवलं आहे!)

आणखी एक बारीक गोष्ट. पायथनमध्ये लूपच्या आतली ओळ समासापासून जरा आत सरकवून लिहितात. बेरीज छापायची ओळ आत राहिली तर दर फेरीला छापते, बाहेर घेतली तर शेवटी एकदाच. सुनेचे मार्क इथंही जात होते.

आता लूपच्या आत लूप चालू आहे. त्याला ठिपक्यांची रांगोळी बरी. बाहेरचा लूप ओळी मोजतो, आतला त्या ओळीतले ठिपके. आधी सात ओळी सात ठिपके, मग सातापासून एकापर्यंत उतरते. पेपर पुढच्या महिन्यात आहे. परवा संध्याकाळी ह्यांनीच विचारलं, "आजची वही झाली का?" सून म्हणाली, "दोन फेऱ्या राहिल्यात, बाबा." तोवर भाकरी मी थापायला घेतल्या.