बंधपत्राची प्रत

१६ जुलै २०२५, पडेगाव
निकाल लागला. मारामारीच्या खटल्यात भाचा दोषी ठरला, पण तुरुंगात न जाता दोन वर्षांच्या बंधपत्रावर घरी आला. वय वीस. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ प्रमाणे एकविशीच्या आतल्या मुलाला तुरुंगात धाडायचंच असेल, तर न्यायालयाला त्याची कारणं लिहावी लागतात. जामीनदार मी आहे. आरोपीचा किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता किंवा कायमचा कामधंदा लागतो. तिथे माझं घर उपयोगी पडलं.
ताई पेढे घेऊन आली. "सुटला माझा लेक!" तिला खाली बसवून सांगितलं, ताई, सुटला नाही. गुन्हा शाबीत झालाय. शिक्षा तेवढी सुनावलेली नाही. बोलावतील तेव्हा ती घ्यायला हजर राहीन, असं त्याने लिहून दिलंय. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

२० जुलै
गल्लीने आपले नियम आधीच ठरवून टाकलेत. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, गणपतीत ढोल वाजवायचा नाही, रोज चौकीत हजेरी. पोरगं इतकं धास्तावलं की दुकानालाही जाईना. शेवटी प्रत काढून दोघांनी ओळ न् ओळ वाचली. शांततेने राहायचं. दारू, नशा नाही. न कळवता पत्ता बदलायचा नाही. परिवीक्षा अधिकाऱ्यांना ठरल्या दिवशी भेटायचं. जखमी मुलाला भरपाई द्यायची. ढोलाचं नावही नाही.
कलम ४(५) मला फार मोलाचं वाटतं. देखरेखीचा आदेश देणाऱ्या न्यायालयाने अटी दोषी व्यक्तीला समजावून सांगितल्याच पाहिजेत, आणि प्रत तिला, जामीनदाराला व अधिकाऱ्याला लगेच दिली पाहिजे. अटी पाळायच्या त्यालाच त्या कळल्या नाहीत, तर पाळणार काय? प्रत मागताना कुणीही संकोचू नये.

५ ऑगस्ट
अधिकाऱ्यांची पहिली भेट. ताई पोलीस समजून थरथरत होती. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे. मुलाला सल्ला देणं, गरज पडली तर काम मिळवून द्यायची खटपट करणं, हेही कायद्याने त्यांचंच काम. "मॅडम, अट मोडली तर?" मी विचारलं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: वॉरंट किंवा समन्स निघू शकतं, जामीनदारालाही समन्स येऊ शकतं. पहिल्याच चुकीला न्यायालय पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं, किंवा मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पन्नास रुपये ऐकून भाचा सैलावला. दुसरं वाक्य त्याला मी परत म्हणायला लावलं.

६ सप्टेंबर
विसर्जन. ढोल वाजवला, मिरवणूक संपताच घरी. मित्र बाटली घेऊन थांबले होते, हे त्यानेच सांगितलं.

२१ सप्टेंबर
छावणीच्या बाजूला पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांत हाही आहे. कलम १२ म्हणतं, या कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. त्यावरून याने ठरवलं की फॉर्ममध्ये 'गुन्हा नाही' लिहायचं. मी हात धरला. दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केलंय. अपात्रता नसणं वेगळं, नेमणूक करणाऱ्याला सगळं खरं सांगणं वेगळं. लपवलं तर तेवढ्यावरूनच नोकरी जाऊ शकते. तो रडला. एवढ्या लहान वयात ही ओळ आयुष्यभर लिहायची, याचं मलाही वाईट वाटतं. तरीही खरंच लिही म्हणालो.

८ ऑक्टोबर
चाकणच्या कारखान्यात काम मिळतंय. ताईला भीती वाटते, त्याला उद्याच निघायचंय. निघायचं नाही. आधी मॅडमना सांगायचं. त्यांच्या अर्जावरून न्यायालय अटी बदलू शकतं, पण त्याआधी त्याचं आणि जामीनदाराचंही म्हणणं ऐकावं लागतं. मला विचारलं तर सांगेन: जाऊ द्या त्याला, माझी हमी कायम आहे. पत्ता आणि पगाराचा कागद घेऊन सोमवारी दोघं जातोय.