कपाट मे महिन्यातही उघडं राहू दे

दादर, ७ जून

चि. सोनू,


वरळीच्या शाळेत वाचनालयाचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईने फोनवर सांगितलं. वर्षाचं नियोजन शाळा उघडली की लगेच द्यावं लागतं, म्हणून आजच लिहायला बसले. दिनविशेषांची यादी तुझ्या हातात येईलच: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २४ डिसेंबरची साने गुरुजी जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. ते दिवस जरूर साजरे कर. पण एका दिवसाच्या कार्यक्रमाने मूल वाचायला लागत नाही. वरळीचं वर्ष आपल्या गतीने चालतं, वाचनाचे उपक्रम त्याच्याच अंगाने आख.

आता हेच बघ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. कोळीवाड्यात होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि एरवी समुद्रावर असणारे बाबा-आजोबा घरी. त्यांना वाचनाच्या तासाला बोलाव. वारा कसा ओळखतात, कुठल्या माशाला कुठलं जाळं, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ कसा वाहतात, ते सांगतील. मुलांनी ऐकून लिहायचं, चित्रं काढायची, पानं दोऱ्याने शिवायची. वर पुठ्ठा लाव, दाखल नंबर टाक आणि ते पुस्तक कपाटात इतर पुस्तकांच्या शेजारी ठेव. छापील परिच्छेदाला अडखळणारं मूल आपल्या आजोबांचं बोलणं कागदावर आलं की घडाघडा वाचतं, कारण पुढचा शब्द त्याच्या ओठांवर आधीच असतो.

पावसात मैदान बंद असतं, तेव्हा खेळाचा तास मागून घे. आणि पुस्तकांकडे लक्ष ठेव. वरळीची हवा खारी. कपाटाची कडी गंजते, पानांना बुरशी धरते, कसर लागते. उघडीप मिळेल त्या दिवशी पुस्तकं बाहेर काढून पंख्याखाली उभी करायची, पानं जराशी फाकवून. कडुनिंबाचा पाला वाळवून फडताळात ठेव. हे काम पाचवीच्या मुलांना दे. पुसता पुसता ती चित्रं बघतात, थबकतात आणि एखादं पुस्तक घेऊन तिथेच फतकल मारतात. तेव्हा ओरडू नकोस.

गणपतीत बीडीडी चाळीतली निम्मी पोरं कोकणात. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एक पातळसं पुस्तक जाऊ दे. दिवाळीला मुलांचे दिवाळी अंक मागव; बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, त्याचा अंक हवाच. सुट्टीत एकेक अंक घरी, सुट्टीनंतर अदलाबदल. थंडीत हस्तलिखित काढा.

पण खरं सांगायचंय ते मे महिन्याबद्दल. निकाल लागला की पुस्तकं जमा करून घेतात, कपाटाला कुलूप लागतं आणि ते जूनच्या मध्यापर्यंत उघडत नाही. ज्या घरात पुस्तकं आहेत तिथे काही बिघडत नाही. पण १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज काही नसेल, तर त्याचं वाचन त्या दीड महिन्यात मागे सरकतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या गरीब घरच्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं दिली, त्यांनी स्वतः निवडलेली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती मुलं पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात पुढे निघाली आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत गरीब मुलांना झाला. 'स्वतः निवडलेली' हे विसरू नकोस. मुलाला विनोदी चित्रकथा हवी असेल तर तीच दे. बोधकथा त्याच्या गळ्यात मारू नकोस.

पुस्तकं हरवतील, फाटतील, ही भीती प्रत्येक शाळेत ऐकू येते. दोन-चार जातीलही. पण शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय सांगितलंय, त्यात गोष्टींची पुस्तकंही सांगितलीत, ती मुलांनी वाचावीत म्हणूनच ना? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच पुस्तकं वापरासाठी असल्याचा आहे. फाटलेलं चिकटवता येतं. आठ वर्षांच्या मुलाची गेलेली गोडी परत आणायला मात्र फार कष्ट पडतात.

तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तकं जमा करू नकोस, उलट वाट. नोंदवहीत पालकांची सही घे. गावाला न जाणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एक सकाळ वाचनालय उघडं ठेव. माजी विद्यार्थी आणि चाळीतल्या निवृत्त बाया-माणसं आनंदाने बसतील, मीही येईन. मुख्याध्यापिकाबाईंशी मात्र याच महिन्यात बोल. परवानगी मागायला एप्रिल उजाडला, तर पुस्तकं जमा करण्याची सूचना आधीच वर्गावर्गांतून फिरलेली असते.

तुझी,
मावशी