न खपलेल्या तबकड्यांचे वर्ष

डिसेंबर उजाडला की पाश्चात्त्य संगीताची समीक्षा करणारी नियतकालिके वर्षाचा जमाखर्च मांडावयास बसतात. कोणती तबकडी पहिली आणि कोणती दहावी, याचे फैसले सुनावले जातात. आणि ते सुनावून झाले म्हणजे, एखाद्या दिलदार जहागीरदाराने मेजवानीनंतर उरलेले पक्वान्न देवडीवर वाटून टाकावे त्याप्रमाणे, वर्षातील दुर्लक्षित ध्वनिमुद्रिकांची एक पुरवणी यादी शेवटी जोडून दिली जाते. मला स्वतःला पहिल्या यादीपेक्षा ही दुसरी नेहमीच अधिक वाचनीय वाटत आली आहे. तथापि तिच्यात एक मूलभूत विसंगती आहे: जी वस्तू बाजारात येऊन सहा-आठ महिने झाले, ती खरोखरच उपेक्षित राहिली की तिची पाळी अद्याप यावयाची आहे, याचा निवाडा त्याच डिसेंबरात करण्याचा अधिकार कोणालाच नसतो. उपेक्षेलाही मुदत भरावी लागते. म्हणून पंक आणि पॉवर-पॉप या दोन सख्ख्या नात्यातल्या संगीतप्रकारांपुरती अशी यादी करण्याची वेळ माझ्यावर आली, तर चालू सालाचे दप्तर मी बाजूस सारीन आणि १९७८ सालचे उघडीन. त्याची मुदत केव्हाच भरून चुकली आहे.

त्या साली १४ जानेवारीस सॅन फ्रान्सिस्को येथे शेवटचा कार्यक्रम करून सेक्स पिस्टल्स मोडले आणि पंकचे राज्य बुडाले, अशी हाकाटी सुरू झाली. गादी रिकामी पडली की वारस ठरविणारे मुत्सद्दी आपोआप गोळा होतात. ‘बॉम्प’ या अमेरिकन नियतकालिकाचे संपादक ग्रेग शॉ यांनी त्या वर्षाच्या आरंभीच पॉवर-पॉपवर खास अंक काढून यापुढचा जमाना या संगीताचा, असा कौल दिला. पॉवर-पॉप म्हणजे बीटल्स, बर्ड्‌स आणि आरंभीचे ‘द हू’ यांच्यापासून चालत आलेली ती रचना, की जिच्यात चाल गोड, स्वरमेळ भरदार, गिटारींचा घोष कर्कशतेच्या उंबरठ्यापर्यंत नेलेला आणि सगळा मामला तीन मिनिटांत आटोपलेला असतो. पंकही तीन मिनिटांतच आटोपते, गिटारीही त्याच. परंतु दोहोंची मनोवृत्ती भिन्न आहे. पॉवर-पॉपचे गाणे हजारोंनी एका सुरात म्हणावे याच हिशेबाने रचलेले असते. ध्रुवपद लवकर येते, पुनःपुन्हा येते, आणि अनोळखी माणसालाही दुसऱ्या खेपेस सोबत गाता यावे अशी त्याची बेगमी केलेली असते. पंकच्या गाण्याला समोर पन्नास माणसे असली तरी भागते; किंबहुना पाचशे जमली तर त्याला थोडे चुकल्यासारखे होते. यामुळे दोघांच्याही वाट्याला उपेक्षा आली, तरी ती दोघांना सारखी लागत नाही, असे माझे मत होत गेले आहे. १९७८ सालच्या तबकड्यांनी ते मत बनविले.

आरंभ मेम्फिसपासून करणे भाग आहे. तेथे ‘बिग स्टार’ नावाचा बँड होता आणि रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानांच्या साखळीचे नाव त्याने उचलले होते. अ‍ॅलेक्स चिल्टन आणि ख्रिस बेल ही त्यातली दोन गीतकारांची जोडी. चिल्टन सोळाव्या वर्षीच ‘बॉक्स टॉप्स’ या बँडचा गायक म्हणून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता. बेलची मदार मात्र सर्वस्वी या नव्या बँडवर होती. १९७२ साली त्यांची पहिली एलपी निघाली. समीक्षकांनी ती मुक्तकंठाने वाखाणली, आणि दुकानांत ती मिळेना. वितरण स्टॅक्स कंपनीकडे होते, स्टॅक्सने ते त्याच वर्षी कोलंबियाच्या हवाली केले, आणि या हवाल्याच्या घोळात माल ज्या लहान वितरकांमार्फत दुकानी पोचत असे, त्यांचीच कडी निसटली. ‘रसिकांनी पाठ फिरविली’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु येथे रसिकाला पाठ फिरविण्याइतकीही संधी मिळाली नव्हती. हताश झालेला बेल त्याच वर्षाच्या अखेरीस बँड सोडून बाहेर पडला.

पुढे बेलने स्वतःच्या बळावर गाणी ध्वनिमुद्रित केली, भावाला बरोबर घेऊन युरोप गाठले, आणि ज्या जेफ एमेरिकने बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांवर काम केले होते त्याच्याकडून लंडनमध्ये त्यांचे ध्वनिमिश्रण करवून घेतले. तरी एकाही कंपनीचा दरवाजा त्याला उघडला नाही. वडिलांच्या उपाहारगृहात काम करीत असलेल्या या माणसाची एक छोटी तबकडी अखेर १९७८ साली ख्रिस स्टेमी या तरुण संगीतकाराने आपल्या चिमुकल्या ‘कार रेकॉर्ड्‌स’तर्फे काढली: एका बाजूस ‘आय अ‍ॅम द कॉसमॉस’, दुसऱ्या बाजूस ‘यू अँड युअर सिस्टर’. त्याच वर्षी २७ डिसेंबरला मोटार-अपघातात बेलचा अंत झाला, वय २७. त्याच्या गाण्यांची पूर्ण एलपी निघण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

ही तबकडी मी अनेकदा ऐकली आहे, आणि दर खेपेस माझे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते: गायकाचा आवाज गिटारींच्या पुढे उभा नाही, तो त्यांच्यात गळ्यापर्यंत बुडालेला आहे. स्वतःला चराचराएवढे विशाल म्हणवून घेणारा हा माणूस लगोलग आपल्या असहायतेची कबुली देतो, आणि शेवटाकडे तर युक्तिवाद सोडून एकच मागणे तो पुनःपुन्हा मांडीत राहतो, जणू अर्जावर हुकूम होत नाही म्हणून फिर्यादीने कचेरीच्या पायरीवरच मुक्काम ठोकावा. मागच्या बाजूचे गाणे याच्या उलट: गिटारीची हलकी छेड, तंतुवाद्यांचा ओलावा, आणि साथीला चिल्टनचा स्वर. ज्या सहकाऱ्यापासून दूर व्हावे लागले त्यालाच साथीस बोलावून हे गाणे गायिलेले आहे, हे एकदा कळल्यावर त्या दोन आवाजांमधले अंतर कान आपोआप मोजू लागतो. माझ्या १९७८ च्या यादीत ही तबकडी पहिली, आणि दुसरी तिच्या बरीच खाली आहे.

त्याच साली ‘बिग स्टार’ची तिसरी एलपीही बाहेर पडली. १९७४ साली मुद्रित होऊन ती चार वर्षे फडताळात पडून होती. तिला पॉवर-पॉप म्हणणे मला धार्ष्ट्याचे वाटते; ते एका मोडत्या घराचे चित्र आहे. तिचा उल्लेख येथे करतो तो तिच्या प्रकाशकासाठी. न्यू जर्सीत परदेशी तबकड्यांची आयात करणारी ‘जेम’ नावाची पेढी होती. तिच्याच ‘पीव्हीसी’ या छापाने ती काढली, आणि याच छापाने त्याच वर्षी ‘शूज’ या बँडची ‘ब्लॅक व्हिनाइल शूज’ही पुन्हा प्रसिद्ध केली. मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या दोन गोष्टी एका आयातदाराने वेचून घेतल्या.

‘शूज’ हे इलिनॉय संस्थानातल्या झायन या गावचे. दारू, तंबाखू आणि नाट्यगृहे यांना बंदी घालून एका धर्मोपदेशकाने १९०१ साली वसविलेले हे गाव. जॉन आणि जेफ हे मर्फी बंधू, गॅरी क्लेबी आणि स्किप मायर या चौघांनी जेफच्या बैठकीच्या खोलीत चार पट्ट्यांच्या टेप-यंत्रावर पंधरा गाणी मुद्रित केली आणि १९७७ साली स्वखर्चाने हजार प्रती काढल्या. घरातल्या माणसांची झोप मोडू नये अशा बेताने हलक्या, कुजबुजत्या आवाजात गायन चालले आहे, आणि त्याच्याभोवती गिटारी मात्र मधमाश्यांच्या मोहोळासारख्या घोंघावत आहेत, असा काही अपूर्व मेळ तिच्यात जमला आहे. पुढे बड्या कंपनीने त्यांना उत्तम स्टुडिओ दिला. गाणी तेथेही चांगली झाली, पण ती बैठकीची खोली गेली ती गेलीच.

या वर्षाच्या हिशेबात एक खाते असे आहे, की ज्यात रक्कम एकाच्या नावे पडली आणि वसुली दुसऱ्याने केली. जॅक ली, पीटर केस आणि पॉल कॉलिन्स या तिघांच्या ‘द नर्व्ह्‌ज’ने १९७६ साली चार गाण्यांची एक तबकडी स्वतःच काढली होती. तिच्यातले ‘हँगिंग ऑन द टेलिफोन’ हे लीचे गाणे न्यूयॉर्कच्या ‘ब्लाँडी’ने १९७८ च्या आपल्या ‘पॅरलल लाइन्स’ या एलपीत घेतले, आणि ते ब्रिटिश यादीत पाचव्या क्रमांकावर गेले. तोवर ‘नर्व्ह्‌ज’ हा बँडच उरला नव्हता. ‘ब्लाँडी’कडून विचारणा आली त्या दिवशी थकलेल्या बिलापायी आपली वीज आणि टेलिफोन दोन्ही तोडण्याची तयारी चालली होती, असे ली यांनी सांगून ठेवले आहे, आणि गाण्याचा विषय पाहता या योगायोगाला दाद द्यावी तेवढी थोडीच. ‘ब्लाँडी’च्या प्रतीच्या आरंभी टेलिफोनची घंटा वाजते, मूळ प्रतीत घंटा नाही, उपोद्घात नाही, एकदम माणूसच बोलू लागतो. चांगली कोणती, असे कोणी विचारले तर ‘ब्लाँडी’च्या गायिका डेबी हॅरी यांच्या गळ्यातला डौल मान्य करूनही मी मूळ प्रतीकडे झुकतो, कारण ज्याच्या घरची तार खरोखर तुटावयाची आहे त्याची घाई तिच्यात आहे.

आता पंककडे वळतो. बेलफास्टच्या ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, बॉम्बस्फोटांची सवय झालेल्या त्या रस्त्यावर, टेरी हूली यांनी ‘गुड व्हायब्रेशन्स’ नावाचे तबकड्यांचे दुकान थाटले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वैराने पोखरलेल्या त्या शहरात दुकानात येणाऱ्याचा धर्म कोणी पुसत नसे. दुकानाच्याच नावाने हूली तबकड्याही काढू लागले. ‘द अंडरटोन्स’ची ‘टीनेज किक्स’ ही त्यांतली जगाने डोक्यावर घेतलेली तबकडी. बीबीसीच्या जॉन पील यांनी ती लागोपाठ दोनदा वाजविली, ही कथा आता इतकी सांगून झाली आहे की तिच्यात रस उरलेला नाही. परंतु या मालिकेतली पहिली तबकडी ‘रूडी’ या बँडची, ‘बिग टाइम’, तीही १९७८ चीच. मोठेपणाचा आव आणणाऱ्या कोणा इसमाची टर उडविणारे हे गाणे मला ‘टीनेज किक्स’पेक्षा अणुमात्र उणे वाटत नाही. ‘रूडी’ची एलपी त्यांच्या हयातीत एकही निघाली नाही आणि १९८२ साली बँड विसर्जित झाला. तथापि त्यांच्याविषयी मला ख्रिस बेलविषयी वाटते तशी हळहळ वाटत नाही. ज्या चारदोन सभागृहांसाठी, ज्या पोरांसाठी ते गाणे केले, त्यांना ते मिळाले. ती पोरे ते गाऊन नाचली. ताळेबंद पुरा झाला.

या वृत्तीचा कळस पाहावयाचा तर लंडनच्या ‘स्क्रिटी पोलिटी’ची त्याच वर्षीची ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ ही पहिली तबकडी हातात घ्यावी. तिच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणास किती पडले, छपाईस किती, लेबलांस किती, याची चक्क फर्द दिलेली आहे, म्हणजे ज्याला वाटेल त्याने तेवढे पैसे उभे करून स्वतःची तबकडी काढावी. संगीत जरा तिरकस आहे आणि माझ्या कानाला ते पुरतेपणी मानवत नाही. वेष्टन मात्र मी गाण्यापेक्षा अधिक वेळ पाहिले आहे.

येथवर रचलेल्या माझ्या विवेचनाला एक तबकडी जुमानीत नाही. लंडनच्या ‘द ओन्ली वन्स’ला वितरणाची ददात नव्हती, पाठीशी सीबीएससारखी बलाढ्य कंपनी होती. ‘अनदर गर्ल, अनदर प्लॅनेट’ १९७८ च्या एप्रिलमध्ये दुकानोदुकानी पोचले असणार, आणि तरीही ब्रिटिश यादीत त्याला जागा मिळाली नाही. जॉन पेरी यांची गिटार आधी दबक्या ठोक्यांनी वाट तुडवीत येते, मग उसळी घेते, ढोल तिला गाठतात, आणि आता याहून वर जाणे नाही असे वाटत असताना पीटर पेरेट यांचा तो आळसावलेला, नाकातून येणारा, अर्धवट झोपेतला स्वर शिरतो. प्रेम कोठे संपते आणि व्यसन कोठे सुरू होते, याचा थांग तो लागू देत नाही. ढोलावरचे माइक केली ‘स्पूकी टूथ’मधून आलेले, बासवरचे अ‍ॅलन मेअर साठीच्या दशकातील स्कॉटिश बँडमध्ये मुरलेले, पंकच्या मंडळींना ही माणसे फार तयारीची वाटली असावीत आणि पॉपच्या मंडळींना पेरेट फार निर्ढावलेले. १९९२ साली पुन्हा काढल्यावर या गाण्याने ५७ वा क्रमांक मिळविला. २००६ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत ते वाजले आणि पुढल्या वर्षी बँडची मंडळी पुन्हा एकत्र आली.

एवढे झाल्यावर हे गाणे उपेक्षित कसे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मला मान्य आहे; त्यावरचा माझा हक्क मी सोडतो. परंतु ज्या एलपीतून ते आले ती आजही फारशी कोणी पहिल्यापासून ऐकत नाही. तिचे पहिलेच गाणे, ‘द होल ऑफ द लॉ’, हे संथ लयीचे, सॅक्सोफोनची साथ असलेले, रात्री उशिराच्या मैफलीत शोभावे असे प्रेमगीत आहे. पंकची फॅशन ऐन भरात असताना ज्यांनी हे गाणे सर्वांत आधी ठेवले, त्यांचा माल कोणत्या फळीवर लावावा हा पेच सीबीएसच्या विक्रेत्याला पडला असेल, तर त्याला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही.