साखळी आणि साक्ष

केज तालुक्यांतील मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर २०२४ रोजीं खून झाला, तेव्हांपासून आमच्या बीड जिल्ह्यांत घरोघरीं टोळ्यांचीच चर्चा आहे. पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी, तेथील मारहाण व हा खून हे एकाच साखळीचे दुवे होत, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. १९९९ चा मोक्का कायदाही मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रें पाहूनच टोळीची चाल ओळखतो.

ही रीत जुनीच. स्लीमनसाहेबानें ठगांच्या वंशावळी मांडल्या, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहिल्या आणि १८३६ सालीं त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश छापला. परंतु वंशावळीच्या याच वाटेनें पुढें १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्म हाच अपराध ठरला. तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडलें.

आज आडनांव ऐकून माणसाची पारख करतांना आम्ही तीच चूक करतों. साखळी कृत्यांनीं जोडावी, रक्तानें नव्हे. आणि कृत्य सिद्ध होण्यास साक्ष लागते. वर्गांत आम्ही धैर्यावर व्याख्यानें देतों. चौकांत मात्र पाहिलेलें न पाहिलेसें करून निमूटपणें घरीं येतों. टोळीचें खरें भांडवल तें हेंच.