६६ मिनिटं दक्षिणेला

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल! हे शाळेत कुणी सांगितलं कसं नाही? विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटं, आणि सागरी मैल ठरवला गेला तो त्याच मिनिटाच्या मापावरून. आज तो १.८५२ किलोमीटरचा धरतात. वैमानिक अजून याच मैलात बोलतात. म्हणजे दोन विमानतळांमधलं अंतर काढायला वही-पेन्सिल पुरे!

लगेच काढलं. नागपूरचं सोनेगाव २१ अंश ५ मिनिटांच्या जरा वर. चंद्रपूरची मोरव्याची धावपट्टी २० अंशांच्या किंचित खाली. वजाबाकी ६६! रेखांशात जेमतेम दहा मिनिटांचा फरक, म्हणजे मोरवा सोनेगावच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला. तिरपेपणा धरूनही अंतर १२३-१२४ किलोमीटरच भरतं.

पुढची गंमत तर त्याहून भारी. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. प्रशिक्षणाचं छोटं सेसना १२० नॉटने उडतंय असं धरा: मिनिटाला दोन मैल. ६६ भागिले दोन, ३३ मिनिटं! बुटीबोरी, जांब, वरोरा, भद्रावती करत गाडीला अडीच-तीन तास लागतात हो. उड्डाण, उतरणं, समोरचा वारा यांची दहा-पंधरा मिनिटं वाढवा हवं तर. मोरव्याहून तिकीट काढून जाता येईल असं विमान नाही, ही किरकोळ अडचण सध्या बाजूला ठेवू.

गडचिरोलीला तर विमानतळच नाही. पण अक्षांश-रेखांश आहेत ना! पूर्व-पश्चिम मिनिट मात्र ध्रुवाकडे आखडत जातं. आपल्याकडे त्याला साधारण ०.९४ ने गुणायचं, मग पायथागोरस. दहावीनंतर या माणसाला माझ्याकडे पहिल्यांदाच काम मिळालं.

गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा ते सोनेगाव: सुमारे १४४ सागरी मैल. सिरोंचा ते हैदराबादचं शमशाबाद: सुमारे १३०! मी परत मोजलं. तेच. महाराष्ट्राच्या टोकावरच्या या तालुक्याला उपराजधानीच्या विमानतळापेक्षा तेलंगणाच्या राजधानीचा विमानतळ जवळ. सिरोंच्याचा माणूस यावर हसेल. गोदावरीवर पूल झालाय, पलीकडे तेलंगणा, बोलायला तेलुगू आहेच. त्याला हे सांगायला वहीची गरज नाही.

त्याच जिल्ह्यातल्या भामरागडला मात्र वही फसवते, आणि तीच मला सगळ्यात आवडलेली जागा. सोनेगाव सुमारे १३२ मैल, छत्तीसगडचं जगदलपूर अवघं ८५! पण ती रेघ अबुझमाडच्या डोंगर-जंगलातून इंद्रावती ओलांडत जाते. सेसनाला पाऊण तास, गाडीला सरळ वाटच नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्कच तुटतो. तेव्हा ८५ काय नि १३२ काय!

गोंदियाचं बिरसी राहिलंच की. मोरव्याहून ९२ मिनिटं उत्तरेला, पूर्वेला आखडून ६०. कर्ण ११० मैल, म्हणजे ५५ मिनिटांत बिरसी. आता जळगाव आणि नांदेड काढतो!